हुशार पोर आपोआप वर येतं?

वर एकानं लिहिलंय, 'पोर खरंच हुशार असेल तर कुठूनही वर येतंच, शिष्यवृत्त्यांवर पैसा कशाला?' नाही पटलं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या पेटंटधारकांवरचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं संशोधक होण्याचं प्रमाण खालच्या निम्म्या उत्पन्नगटातल्या मुलांच्या दहापट! आणि तिसरीतल्या गणिताच्या गुणांनी या दरीचा एक तृतीयांशही उलगडा होत नाही. लहानपणी आजूबाजूला संशोधन करणारी माणसं दिसली का, हे फार मोठं कारण. ज्या क्षेत्रातली माणसं दिसतात, पोरं त्याच क्षेत्रात पेटंट घेतात.

आता आपल्या बेळगावकडे बघा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीशेजारी वाढलेल्या पोराला साचे, ओतकाम, लेथ रोज दिसतात. खानापूर तालुक्यात जंगलाकडेच्या मराठी शाळेतल्या पोरीला काय दिसणार? विज्ञान शिकणाऱ्या पोरांसाठी केव्हीपीवाय (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा होती, तीही इंग्रजी-हिंदीतच. म्हणजे मराठी, कन्नड दोन्हीकडची पोरं सारखीच अडायची. (इथं तरी सीमावाद नाही!) आता तीही बंद.

रामानुजनना १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठानं महिना ७५ रुपये दिले, तेव्हा कारकुनी सुटली. रक्कम फार मोठी लागत नाही हो. मी तर आधी खानापूर ते उद्यमबाग बसभाडं द्या म्हणेन.