शब्द हवा: हाताखालच्या 'टिंगलिंग'साठी

माझी मावशी गिरगावात रेकी देते, म्हणजे अंगावर किंवा अंगाजवळ हात धरून करायचा जपानी उपचार. उपचार चालू असताना अंगाला काय काय जाणवतं, याचं पानभर मराठी टिपण ती करते आहे. 'टिंगलिंग'साठी तिने 'स्पंदन' लिहिलंय. मला ते खटकतंय, पण दुसरा शब्द छातीठोकपणे सांगता येत नाही. 'मुंग्या' म्हणू, 'झिणझिण्या' की 'शिरशिरी'?

— मुंग्या. लोकलने चर्चगेटपर्यंत चौथ्या सीटवर टेकून गेलं की पायाला येतात त्याच. त्यात वेगळं काय?

— फरक आहे. मुंग्या येतात त्या दबलेल्या, बधिर होत चाललेल्या अंगाला. झिणझिण्या एकदम उठतात, कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत जातात तशा. शिरशिरी कातडीवरून सरकते आणि तिच्यात गारवा असतो. काटा तर समोरच्याला दिसतोही. (मुंगी फक्त मराठीलाच सुचली असं नाही. डॉक्टरांचा 'फॉर्मिकेशन' हा शब्दही लॅटिनमधल्या मुंगीवरूनच आलाय.)

'स्पंदन' मात्र काढाच. स्पंदन म्हणजे ठोका, नाडीसारखा थांबून थांबून येणारा. मुंग्यांना कुठे ताल असतो? शिवाय या शब्दाला आता 'ऊर्जा' चिकटली आहे. "मला स्पंदनं जाणवली" असं कुणी म्हणालं, की अंगाला काय झालं ते कळत नाही, त्याने त्याचा अर्थ काय लावला तेवढंच कळतं.

आपल्या बोलण्यात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. डोळा लवतो, उचकी लागते, तळहात खाजतो. क्रियापद शरीराचं. शुभ की अशुभ, कुणी आठवण काढली, पैसे येणार का, हे सगळं नंतरचं. माझी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळताना जांभया द्यायची आणि मग म्हणायची, "केवढी दृष्ट लागली होती पोराला!" जांभईला तिने कधी दुसरं नाव दिलं नाही. मावशींनीही तसंच लिहावं: आधी 'पायाला मुंग्या आल्या', आणि त्याचा अर्थ लावायचाच असेल तर तो पुढच्या वाक्यात.

मूळ जपानी शब्दही असेच अंगाला धरून आहेत. मिकाओ उसुई यांनी १९२२ साली रेकी शिकवायला सुरुवात केली. त्या परंपरेत 'पिरीपिरी' म्हणतात ती आपली चुणचुण, तसाच दुहेरी नादाचा शब्द. 'इतामी' म्हणजे दुखणं. 'हिबिकी' म्हणजे घुमणारा नाद, पडसाद; रेकीत हाताला जाणवणारी धडधड. त्याला 'ठणका' म्हणायचा मोह होतो, पण ठणक्यात कळ असते, म्हणून 'ठोके' बरं. आणि लक्षात घ्या, ही सगळी नावं रेकी देणाऱ्याच्या हाताला जे जाणवतं त्याची आहेत, घेणाऱ्याच्या अंगाची नाहीत. टिपणात 'कुणाला' हे लिहिलंच पाहिजे.

— देणाऱ्याच्या हाताला जाणवतं त्याबद्दल थोडं. रेकीचं नव्हे, पण तिच्या जवळच्या 'थेरप्यूटिक टच'चं, म्हणजे अंगाला न लावता वरून हात फिरवून करायच्या उपचाराचं उदाहरण. अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने २१ उपचारकांना पडद्याच्या छिद्रांतून दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यातल्या एका हाताच्या वर आपला हात धरला. कोणत्या, ते त्यांनी ओळखायचं. २८० वेळांपैकी १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी याहून जास्त जमलं असतं. १९९८ साली हे छापून आलं. त्यांच्या हाताला काही वाटलंच नसेल असं मी म्हणत नाही. वाटलं असेल, पण त्यावरून बांधलेला अंदाज टिकला नाही.

— मूळ प्रश्न माझाच, आणि खटकण्याचं कारणही सांगतो. मावशीकडे येणाऱ्या एका काकांच्या तळपायांना रोज रात्री मुंग्या यायच्या. वहीत सगळीकडे 'स्पंदन' लिहिलेलं, म्हणून ते काही महिने खूशच होते. शेवटी रक्त तपासलं तेव्हा साखर खूप वाढलेली निघाली. 'मुंग्या' लिहिलं असतं तर घरातलं कुणीतरी आधीच डॉक्टरकडे घेऊन गेलं असतं. काल मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. तिने 'स्पंदन' खोडलं, 'मुंग्या / चुणचुण' लिहिलं आणि खाली घातलं: रोज येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आता 'हीट'वर अडलोय. 'ऊब' म्हटलं की ते सुखाचं होतं, 'धग' म्हटलं की चुलीजवळचं.

— 'हात गरम लागला' एवढंच लिहा.