मदत हवी आहे : ‘ज्याअर्थी’ सात झाले, ‘त्याअर्थी’ जमत नाही

मंडळी, मी डॉक्टर, अमेरिकेत जे-१ व्हिसावर (प्रशिक्षणासाठी मिळतो तो) रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करतोय. राज्याच्या मेडिकल सोसायटीत (डॉक्टरांच्या संघटनेत) एक ठराव मांडायचाय. त्यात आधी ‘ज्याअर्थी’ म्हणत कारणं येतात, मग ‘त्याअर्थी’ म्हणत मागण्या. तिथे टिकला तर पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या हाउस ऑफ डेलिगेट्ससमोर (धोरण ठरवणाऱ्या प्रतिनिधी सभेसमोर) नेता येईल, ही आशा. ठरावांचा माझा अनुभव म्हणजे डोंबिवलीत आमच्या सोसायटीची वार्षिक सभा : सूचक, अनुमोदक, वेफर्स, सर्वानुमते मंजूर!

विषय ‘कॉनराड ३०’ हा व्हिसा-सवलतीचा कार्यक्रम. प्रशिक्षण संपलं की जे-१वाल्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायची तयारी असेल, तर राज्याच्या शिफारशीवर ही अट माफ होते. पण शिफारशी वर्षाला राज्यामागे ३०च. कॅलिफोर्नियाला ३०, वायोमिंगलाही ३०!

मसुदा परत आलाय. शेरे असे : ‘ज्याअर्थी’ची पाल्हाळ कापा. धोरण म्हणून फक्त ‘त्याअर्थी’ची कलमं उरतात, ती एकटी वाचली तरी कळली पाहिजेत (मी लिहिलं होतं, ‘वरील अडचण दूर करावी’. आता वाचून मलाच हसू येतं). आणि कार्यक्रम वाढवावा असं असोसिएशनचं धोरण आधीच आहे, म्हणजे फार तर जुन्याचीच पुनर्पुष्टी होईल. मग नवीन काय मागू?

प्रतिसाद १
पॉलिसीफाइंडरवर (असोसिएशनची धोरणं शोधायची ऑनलाइन सोय) जुनी धोरणं शब्दन्‌शब्द वाचलीत का? त्यांत काय नाही, तिथून सुरुवात करा. एका कलमात एकच मागणी. ‘अभ्यास करावा’ आणि ‘पाठपुरावा करावा’ यांत फरक आहे, खर्चाचा अंदाजही त्यावर ठरतो.

प्रतिसाद २
शिकागोपर्यंत, म्हणजे असोसिएशनपर्यंत, जायलाच हवं का? अर्ज कधी घ्यायचे, कोणाला प्राधान्य द्यायचं, हे राज्याचा आरोग्य विभाग ठरवतो. ३०पैकी १० जागा टंचाईच्या भागाबाहेरच्या, पण तिथले रुग्ण बघणाऱ्या दवाखान्यांना देता येतात. तुमचं राज्य त्या वापरतं का? नसेल तर राज्य सोसायटीकडे तेवढंच मागा. आणि रेफरन्स कमिटीसमोर (मतदानाआधी ठरावावर म्हणणं ऐकून घेणारी समिती) एकटे जाऊ नका. खेड्यातल्या हॉस्पिटलचा एखादा अमेरिकन डॉक्टर आधी बोलू दे, नाहीतर सगळ्यांना वाटेल हा स्वतःच्या व्हिसासाठी आलाय.

धागाकर्ता
तसा आलोच आहे की! पण मुद्दा पटला. १० जागांचं आजच विचारतो. असा डॉक्टर गाठायचा कुठे, कोणी सांगेल का?