माशी चावली, कुत्रीचं तोंड सुजलंय. सेट्रिझिन देऊ का?

प्रश्न
आमची चिंगी, गावठी, १४ किलोची. अर्ध्या तासापूर्वी गोठ्यामागे माशीवर झडप घातली आणि केकाटत घरात आली. वरचा ओठ टम्म फुगलाय, डावा डोळा अर्धा मिटलाय. शेपटी हलवतेय, पाणीही प्यायली. जनावरांचा दवाखाना तालुक्याला, पाऊण तासावर. घरात सेट्रिझिनचं पाकीट आहे. जीव थाऱ्यावर नाही, लवकर सांगा.

उत्तर १
मधमाशी असेल तर नांगी आत राहते आणि विष सोडत राहते. केस बाजूला सारून बघा, दिसली तर नखानं लगेच खरवडून काढा. चिमटा शोधत बसू नका. गांधीलमाशीची नांगी सहसा राहत नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून धरा. चुना मुळीच लावू नका, ती चाटेल आणि तोंड भाजेल.

उत्तर २ (पशुवैद्य)
ताई, आधी हिरडी बघा. बोटानं दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी पांढुरकी, पाय लटपटतायत, उलटी किंवा जुलाब, यातलं काहीही दिसलं तर गोळीचा विचार सोडा आणि गाडी काढा. लोक श्वासाकडेच बघत बसतात. श्वास अडकू शकतोच, पण कुत्र्यात अ‍ॅलर्जीचा मोठा झटका यकृतावर आणि आतड्यांवर बसतो, त्यामुळे पहिली खूण पुष्कळदा उलटी असते, कधी रक्ताचे जुलाब. त्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं. गोळीचा गुण येईपर्यंत तेवढा वेळ नसतो.

पाकीट नीट वाचा. सर्दीच्या गोळ्यांत सेट्रिझिनबरोबर फिनाइलेफ्रिन, पॅरासिटामॉलही असतं. ते कुत्र्याला घातक. नुसती सेट्रिझिन असली तरी तिथल्या डॉक्टरांना फोनवर वजन सांगून मात्रा विचारा.

प्रश्नकर्ती
हिरडी गुलाबी आहे. पण पाकिटावर फिनाइलेफ्रिन लिहिलंय! नाही दिली. आत्ताच एकदा उलटी केली. निघतोय.

उत्तर २
निघाच. गळ्यातला पट्टा काढा, सूज खाली गळ्याकडे पसरू शकते. तोंड बांधू नका. दवाखान्यात आधी फोन करा, म्हणजे इंजेक्शन भरून ठेवतील. बरी वाटली तरी दिवसभर लक्ष ठेवा, सूज परत येऊ शकते.

इतर वाचणाऱ्यांसाठी: आग्या मोहोळ उठून पुष्कळ डंख बसले असतील तर कुत्रं चालतंफिरतं दिसलं तरी दवाखान्यात न्या. विषानं रक्तपेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि पुढच्या एकदोन दिवसांत मूत्रपिंडं बिघडू शकतात.