लोरांसच्या चित्रातली ती मेणबत्ती

फ्रान्सच्या रॉबेर राजाला चर्चने बहिष्कृत केल्याचा प्रसंग या चित्रात आहे. राजाचं एकटेपण दाखवायलाच चित्रकाराने दरबार रिकामा ठेवला, असं कुणीतरी म्हटलं, ते मला अर्धंच पटलं. फ्रेंच चित्रकार झाँ-पॉल लोरांसच्या १८७५च्या या चित्रात जमिनीवर आडवी पडलेली मेणबत्ती बघा, तिच्यातून अजून धूर निघतोय. धर्मबहिष्काराच्या, म्हणजे चर्चमधून बाहेर काढण्याच्या विधीत पाद्री मेणबत्त्या जमिनीवर टाकून विझवत. म्हणजे शिक्षा नुकतीच सुनावलीय आणि सुनावणारे पाठ फिरवून निघालेत. राजदंडही खालीच पडलाय. मला तर त्या धुराच्या बारीक रेषेतच सगळं चित्र दिसतं!

नात्यातल्या बेर्थशी लग्न केलं म्हणून रोमच्या धर्मसभेने ९९८ मध्ये रॉबेर राजाला सात वर्षांचं प्रायश्चित्त सांगितलं होतं. बहिष्कार मात्र खरोखर लागू झाला का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.