कीबोर्डचा स्टँड कुठला घ्यावा? डगमगणारा नको आणि स्कूटरवरून नेता आला पाहिजे

लांजेकर_कॅसिओवाला

नमस्कार मंडळी. मी आमच्या वाडीच्या नमन मंडळात (नमन म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य) कॅसिओ वाजवतो, म्हणजे आहे यामाहाचा पीएसआर-ई३७३, पण गावात कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात आणि मी आता लोकांना दुरुस्त करायचं सोडून दिलंय. तर विषय स्टँडचा.

माझ्याकडे साधा एका एक्सचा स्टँड आहे, म्हणजे कात्रीसारखे दोन तिरके पाय मधे एका बोल्टवर, उंची खाचांवर बदलायची, चार वर्षांपूर्वी हजार-बाराशेला घेतलेला. या शिमग्यानंतर एका गावात कार्यक्रम होता, चिऱ्याचं अंगण, गवळण रंगात आलेली, पेंद्या नुकताच आत आलेला आणि पब्लिक हसतंय, तेवढ्यात मी डाव्या हाताने कॉर्ड जरा दाबून धरली आणि स्टँड कडकन एक खाच खाली बसला. कीबोर्ड उजवीकडे कलंडला. शेजारी बसलेल्या मृदंगवाल्या काकांनी गुडघा लावून तो अडवला आणि ठेका पण सोडला नाही! पण माझ्या पोटात गोळा आला तो आला.

घरी येऊन बघितलं तर मधल्या चकतीचे दाते झिजलेत, बोल्ट गंजलाय, एका पायाचं रबर कधीच पडलंय. आता गणपतीच्या आधी नवीन घ्यायचाय. मंडळाचा टेम्पो असतो पण दर वेळी नाही, बऱ्याचदा कीबोर्ड पाठीला आणि स्टँड स्कूटरला बांधून जातो. कधी उभं राहून वाजवतो कधी खुर्चीवर. बजेट तीन, ताणून साडेतीन हजार. ऑनलाईन बघितलं की सगळेच ‘हेवी ड्युटी’ आणि सगळ्यांवर पन्नास किलो, साठ किलो लिहिलेलं, माझा कीबोर्ड ४.६ किलोचा, मग हलतं काय नक्की?

बंदरावरचा_साउंडवाला

दादा, तो पन्नास किलोचा आकडा विसरून जा. तो वरून सरळ खाली ठेवलेल्या वजनाचा असतो. स्टँडवर तांदळाचं पोतं ठेवायचं असेल तर उपयोगी. आपण वाजवताना ढकलतो आडवं, डावी-उजवीकडे आणि थोडं पुढे, आणि ते सगळं येतं मधल्या एका बोल्टवर. तो बोल्ट केसभर जरी सैल असला तरी वर कीबोर्डला बोटभर झोका बसतो.

दुसरी गोष्ट लोक बघतच नाहीत ती म्हणजे एक्स स्टँडमध्ये उंची आणि रुंदी एकमेकांना बांधलेल्या असतात. शाळेतलं पायथागोरस आठवा. समजा एक्सचा एक तिरका पाईप १०० सेंमी आहे. स्टँड ६० सेंमी उंच ठेवलात तर दोन बाजूंमधलं अंतर ८० सेंमी मिळतं, झकास. तोच उभ्याने वाजवायला ९० सेंमीवर नेलात तर अंतर उरतं जेमतेम ४४. आणि हे वर तसंच खाली पण! म्हणजे ४४ सेंमीच्या बैठकीवर तुमचा ९४.५ सेंमीचा कीबोर्ड, दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस सेंमी हवेत लोंबतोय. शेवटच्या पट्टीवर जोर दिला की तो कलंडणारच. एका टोकाला वजन टाकलेलं होडीला चालत नाही तर कीबोर्डला कसं चालेल.

म्हणून उभ्याने वाजवणाऱ्याने स्टँड अगदी वरच्या खाचेपर्यंत कधी नेऊ नये, एक-दोन खाचा खालीच ठेवायचा, थोडं वाकावं लागलं तरी चालेल.

तुमच्या बजेटमध्ये माझं मत डबल एक्स. यात प्रत्येक तिरक्या बाजूला एकाच्या जागी दोन पाईप असतात, त्यामुळे पीळ कमी बसतो. रुंदीची भानगड तीच राहते हां, भूमिती काय बदलत नाही, पण डोलणं निम्म्याने तरी कमी वाटतं. वजन चार-पाच किलोच्या घरात जातं, तुमच्या जुन्यापेक्षा दीड-दोन किलो जास्त, ते सोसा. घेताना वेल्डिंग केलेला घ्या, घरी आणून नटबोल्टने जुळवायचा नको, जितके जोड तितकी कुरकुर. आणि कीबोर्डला पट्टा बांधायची सोय असलेला मिळाला तर आधी तोच, पट्टा असता तर तुमच्या काकांना गुडघा लावायला लागला नसता.

अजून एक, हे स्टँडचं नाही पण सांगतो. नमनाच्या स्टेजवर फळ्या टाकलेल्या असतात. त्यावर गवळणी नाचायला लागल्या की अख्खं स्टेज उसळतं, मग तुम्ही वीस हजाराचा स्टँड आणा, तो पण उसळणार. मी तर वादकांना सरळ स्टेजच्या बाजूला जमिनीवर बसवतो. पहिल्यांदा कुरकुर करतात, दिसत नाही म्हणून. नंतर आवाज ऐकून गप्प बसतात.

कुडाळचो_पेटीवालो

मेल्या, आमच्या हयसर दशावतारात पायपेटी असता, तेका स्टँड नको नि बिस्टँड नको, पेटी आपल्याच पायार उभी!

गंमत सोड. स्टँडाचे पाय खय टेकतत तां आधी बग. सारवलेल्या खळ्यात पाईप रुततत, चिऱ्यार एक पाय कायम अधांतरी. मी जुन्या स्लीपरचे तुकडे कापून पिशयेत ठेवतंय, जो पाय लोंबता तेच्याखाली सारूचो. फुकटचो उपाय आसा.

लांजेकर_कॅसिओवाला

काका स्लीपरचा उपाय एक नंबर 😄 घरात एका पायाच्या चपला खूप आहेत, कुत्र्याची कृपा.

साउंडवाले दादा, ते ४४ सेंमीचं वाचून मी आत्ता टेप घेऊन माझा जुना स्टँड मोजला. उभ्याने वाजवतो त्या खाचेला ४६ भरतंय. चार वर्षं मी हे असं वाजवत होतो म्हणजे देवाचीच कृपा.

एक विचारायचं राहिलं. झेड टाइप, म्हणजे बाजूने इंग्रजी झेडसारखे दिसणारे, आणि टेबलासारखे चार पायांचे पण दिसतात, ते कसे?

रत्नागिरीची_पियानोताई

माझ्याकडे झेड आहे. मी घरी मुलांना शिकवते, त्यावर यामाहाचा पी-४५ असतो, ८८ पट्ट्यांचा आणि ११.५ किलोचा. तीन वर्षं झाली, हललेला नाही. झेडमध्ये उंची वेगळी आणि रुंदी वेगळी बसवता येते त्यामुळे वर सांगितलेली भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे गुडघे मोकळे राहतात. एक्स स्टँडला खुर्चीवर बसून वाजवताना मधला क्रॉस बरोब्बर गुडघ्यांसमोर येतो आणि पेडलवर पाय ठेवायचा तर पाय फाकवून बसावं लागतं, मुलांना तर जमतच नाही.

पण तुम्हाला मी झेड सांगणार नाही. जड असतो, सुटा करायला ॲलन की (सहा कोनी चावी) लागते आणि स्कूटरला बांधायला तर अगदीच आडमुठा आकार. एकदा शाळेच्या गॅदरिंगला नेला होता, रिक्षावाल्याने स्टँड बघितला मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला ताई, टेम्पो बघा.

टेबलटाइप घडीचा मात्र विचार करा. चार पाय, पाय आत दुमडतात, आणि उंची वाढवली तरी बैठक अरुंद होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे, दोन हात लावून हलवून बघितला, डबल एक्सपेक्षा बरा वाटला. फक्त घडी घातल्यावर पण रुंद राहतो, स्कूटरवर वाऱ्याला पतंगासारखा ओढेल.

ग्रिलवाला_चिपळूण

विकत कशाला घेताय, बनवून घ्या की. माझंच वर्कशॉप आहे म्हणून नाही सांगत (बरं, म्हणूनच सांगतोय). एक इंची चौकोनी पाईप, १८ गेज जाडीचा, घडीचं टेबल करायला साधारण सहा मीटर लागतो. मीटरला किलोच्या आत-बाहेर वजन धरा, म्हणजे बिजागऱ्या-बोल्ट धरून सहा किलोच्या वर जाईल. वजन आहे पण त्यावर कीबोर्ड काय तुम्ही स्वतः बसलात तरी काही होणार नाही.

तोटा एकच, उंची ठरलेली. बसून एक आणि उभ्याने एक अशा दोन भोकांवर पिन बसवून देतो कोणी, पण ते काम नीट करणारा बघा. पिन ढिली असली की जुनाच खेळ परत.

आणि विकतचा असो की बनवलेला, खाऱ्या हवेचं लक्षात ठेवा. रंग उडतो तिथून गंज सुरू होतो, आणि एक्स स्टँडचा रंग सगळ्यात आधी दात्यांवरच उडतो कारण तिथेच घासतं. नवीन आणल्या आणल्या मधला बोल्ट काढून स्टेनलेसचा टाका, आणि नट आत नायलॉनची रिंग असलेला, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाही. साधा नट तुमचा प्रत्येक कार्यक्रमाला पाव फेरा सुटत असणार, तुम्हाला कळलं नाही इतकंच. पावसाळ्यात माळ्यावर टाकून देऊ नका, महिन्यातून एकदा फडकं मारा. पायाची रबरं गेली तर हार्डवेअरवाल्याकडे लोखंडी खुर्चीचे बूट मागा, पाईपचं माप घेऊन जा.

बंदरावरचा_साउंडवाला

ग्रिलवाले भाऊंचं नायलॉन नटचं सोन्यासारखं आहे, माझ्या सगळ्या स्पीकर स्टँडना तेच आहेत.

एक राहिलं. ॲडॅप्टरची वायर कीबोर्डमधून थेट खाली सोडू नका. स्टँडच्या पायाला एक सैल वेढा मारून मग पुढे न्या, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर ओढ स्टँडच्या बुडाला बसते, वर कीबोर्डला नाही. आमच्याकडे एका पूजेच्या कार्यक्रमात प्रसाद वाटणारं पोर वायरीत अडकून पडलं, शिरा सांडला पण कीबोर्ड जागेवर. तुमचा ई३७३ सहा पेन्सिल सेलवर पण चालतो ना, सेल घालूनच ठेवत जा. लाईट काय आपल्याकडे विचारून जात नाही.

जाखडी_प्रेमी

मधेच घुसतो. आमच्या शक्ती-तुऱ्याच्या बारीला, म्हणजे जाखडी नाचाच्या सामन्याला, वादक मधे खाली बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात. तिथे कुठला स्टँड चालेल? एक्स अगदी खालच्या खाचेला लावला तरी मांडी घालून बसलं की पट्ट्या हनुवटीपाशी येतात.

लांजेकर_कॅसिओवाला

@जाखडी_प्रेमी, भाऊ तिथे स्टँडच्या नादाला लागू नका, मी दोन वेळा वाजवलंय. घरातले दोन एकाच उंचीचे पाट घ्यायचे, दोन टोकांना थोडे आत सरकवून ठेवायचे, वर जुनी सतरंजी दुमडून त्यावर कीबोर्ड. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवर आपटतात तेव्हा सतरंजी हादरा खाते. चौरंग पण चालतो, पण आमच्या घरचा चौरंग मागायला गेलो तर आईने विचारलं गणपती कुठे बसवू मग.

बाकी मंडळी, परवा कोल्हापूरला काम होतं तर दुकानात जाऊन आलो. टेबलटाइप बघितला, आवडला, पण ताई म्हणाल्या तसा घडी घालून पण दारासारखा रुंद, स्कूटरचा विचार करून सोडला. डबल एक्सचे तीन प्रकार होते. तिन्ही माझ्या उभ्याच्या उंचीला लावून वर दोन्ही तळवे टेकले आणि डावी-उजवीकडे हलवले, दुकानदार बघत होता हा काय मसाज करतोय. सगळ्यात महागाचा त्यातला सगळ्यात जास्त डोलत होता! मधला घेतला, २६०० ला, पट्टा आहे, वेल्डिंगवाला आहे. उभ्याच्या खाचेला मोजला तर ५८ सेंमी, याचे पाईप जुन्यापेक्षा लांब आहेत. येताना एसटीत वरच्या रॅकवर आडवा मावला, फक्त कंडक्टरने विचारलं पाळणा आहे का.

आता आमच्या इथल्या सीटकव्हरवाल्याकडे ताडपत्रीची पिशवी शिवायला टाकलीय, खांद्याला अडकवायचा पट्टा लावून. बोल्ट उद्या बदलतो. नायलॉनवाला नट ८ एमएमचा लागेल ना, की मोजूनच जाऊ?

ग्रिलवाला_चिपळूण

मोजून कशाला, जुना बोल्टच खिशात घालून जा.