‘पीटूपीने विका, सरकारला पत्ता लागत नाही’ हे सांगणं थांबवा

खातेवही

काल इथे कुणी लिहिलं: ‘क्रिप्टो घ्या आणि धरून ठेवा. विकलं नाही तर कर नाही. तोटा झाला तर नफ्यातून वजा होतो. विकायचंच तर पीटूपीने (थेट दुसऱ्या माणसाला) विका, सरकारला पत्ता लागत नाही.’ खाली धन्यवादांची रांग. हे वाचून कुणाचं तरी खरंच नुकसान होणार आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

विकलं नाही तर कर नाही, हे बरोबर. पण बिटकॉइन देऊन इथेरियम घेतलं तर ते विकणंच. रुपया हातात आला नसला तरी त्या दिवशीच्या भावाने नफा मोजावा लागतो.

तोटा वजा होतो, हे साफ खोटं. 1 एप्रिल 2022 पासून कलम 115बीबीएच लागू आहे: नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2. वजावट फक्त खरेदी किमतीची. बिटकॉइनमध्ये 1 लाख मिळाले, दुसऱ्या नाण्यात 80 हजार गेले. हातात 20 हजार, कर 31,200. तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही, पगारातून नाही, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही नाही.

दीर्घपल्ला

आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही रोज उलाढाल करणाऱ्याचं दुखणं गुंतवणूकदाराच्या गळ्यात बांधताय. एकदा घेऊन पाच वर्षांनी एकदा विकणाऱ्याला तोटा वळता करायची वेळच येत नाही. टीडीएस (विकतानाच कापला जाणारा कर) 1 टक्का, तोही एकदाच, आणि रिटर्नमध्ये तो जमा धरला जातो. या कराने सट्टा आटोक्यात येत असेल तर मला तो मान्य आहे.

कसोटी

सट्टा? सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधले (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांतले) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. त्यांना तो तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, क्रिप्टोवाल्याला एक दिवसही नाही. मग सट्टा नेमका कोणता आटोक्यात आणताय?

आणि दीर्घ मुदतीचंच बोला. शेअरवर 5 लाख दीर्घकालीन नफा: सव्वा लाख माफ, उरलेल्यावर साडेबारा टक्के, उपकर धरून 48,750. तेवढ्याच क्रिप्टो नफ्यावर 1,56,000. ज्या गृहिणीला दुसरं काहीच उत्पन्न नाही तिचा क्रिप्टो नफा 1 लाख असेल, तरी नव्या करपद्धतीत 31,200 भरायचे. मूळ सूट इथे लागत नाही, 2025-26 पासून नव्या पद्धतीत 87ए चा रिबेटही (कमी उत्पन्नाला मिळणारी करमाफी) नाही. यात न्याय कुठे आहे?

दीर्घपल्ला

गृहिणीचा मुद्दा मान्य. तेवढाच.

खातेवही

टीडीएस ‘एकदाच’ म्हणणाऱ्यांसाठी: तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापतात, तोट्यात विकलं तरी. 1 लाख भांडवल, भाव जागचा हलला नाही असं धरा आणि शंभर वेळा घ्या-विका. हातात साधारण 36,600 उरतात. बाकीचे रिफंड येईपर्यंत अडकले.

पिंपळपार

म्हणूनच लोक पीटूपीकडे जातात. सरकारनेच ढकललंय त्यांना. यूएसडीटीला (डॉलरशी भाव बांधलेलं नाणं) दोन रुपये जास्त मिळतात, टीडीएस नाही, कटकट नाही. चूक कुणाची?

कसोटी

टीडीएस नाही हे कुणी सांगितलं? कलम 194एस पीटूपीलाही लागू आहे. दोघांच्या मध्ये एक्सचेंज (क्रिप्टोचा बाजार चालवणारी कंपनी) नसेल तर कापायची जबाबदारी खरेदीदाराची. पगारदाराला वर्षाला 50 हजारांपर्यंत सूट, त्यापुढे 1 टक्का कापून महिना संपल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 26क्यूईने भरायचा. उशिराला दिवसाला 200 रुपये. विकणाऱ्याने पॅन दिला नाही तर 1 टक्क्याऐवजी 20. इथले नंबर जुन्या कायद्यातले; नव्या कायद्यात 1 एप्रिल 2026 पासून कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, दर तेच.

पिंपळपार

कागदावर. प्रत्यक्षात कोण भरतं?

नोटीस_आली

वकिली करतो, म्हणून यात पडतो. पीटूपीत करापेक्षा मोठं संकट आहे आणि त्यावर इथे कुणी बोलत नाही: खातं गोठणं.

फसवला गेलेला माणूस 1930 वर फोन करतो. तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर चढते आणि बँका पैसा एका खात्यातून दुसऱ्यात कसा गेला ते शोधत जातात. चोराने त्या पैशातून तुमचे यूएसडीटी घेतले असतील तर साखळीत तुमचं खातं येतं. तुम्ही प्रामाणिक असलात तरी. तक्रार तेलंगणात, तुम्ही सांगलीत. वादातली रक्कम 20 हजार असते आणि पूर्ण खातं बंद केलेलं असतं, पगार आणि गृहकर्जाच्या हप्त्यासकट.

पिंपळपार

घाबरवू नका हो. नामांकित प्लॅटफॉर्मवर व्हेरिफाइड खरेदीदार बघून विकलं की झालं.

नोटीस_आली

व्हेरिफाइड म्हणजे त्याची केवायसी झालेली. त्याच्याकडे आलेला पैसा स्वच्छ आहे याची हमी कुणी देत नाही. तरीही विकणारच असाल तर पगाराचं खातं वापरू नका. पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव केवायसीतल्या नावाशी जुळलं नाही तर नाणी सोडू नका, रक्कम त्याच खात्यात परत करा. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ म्हटलं की व्यवहार रद्द. ऑर्डर क्रमांक, चॅट, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) आणि हॅश (नाणी पाठवल्याचा ब्लॉकचेनवरचा क्रमांक) त्याच दिवशी जपून ठेवा. नंतर चॅट सापडत नाही.

खातं बंद झालंच तर बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल लेखी मागा. पुराव्यांसह अर्ज पाठवा: वादातल्या रकमेपुरतंच लीन (रक्कम अडवून ठेवणं) ठेवा, बाकी खातं मोकळं करा. दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. परस्पर तक्रारदाराला पैसे पाठवून ‘मिटवू’ नका, बँकेतला लीन त्याने निघत नाही.

पिंपळपार

ठीक आहे, पगाराचं खातं नको हे पटलं. पण 1 टक्का टीडीएस ठेवाल तोवर लोक हेच करणार. हे मी मागे घेत नाही.

दीर्घपल्ला

मूळ मुद्दा राहिला बाजूला. धरून ठेवणाऱ्याला यातलं काही लागू नाही.

कसोटी

धरून ठेवायचं कुठे? जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजमधून 23 कोटी डॉलरहून जास्त मूल्याची नाणी चोरीला गेली, व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. चोरी म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे तो तोटा नफ्यातून वजा करायचा रस्ता 115बीबीएचमध्ये नाही. हार्डवेअर वॉलेटवर (नाण्यांची किल्ली स्वतःकडे ठेवणारं छोटं उपकरण) हलवायचं तर आधी छोटी रक्कम पाठवून बघा. टीआरसी-20 आणि ईआरसी-20 या नाणी पाठवायच्या दोन वेगळ्या नेटवर्कांची गल्लत झाली की नाणी परत मिळवणं अवघड. वॉलेट परत मिळवायचे चोवीस शब्द कागदावर, फोनमधल्या फोटोत नाही.

दीर्घपल्ला

स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवलं तर कर?

खातेवही

नाही, मालक तोच. पण एक्सचेंजवरचा खरेदीचा स्टेटमेंट आजच उतरवून घ्या. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) विक्रीची रक्कम दिसते, खरेदीची नाही. किंमत सिद्ध करायची जबाबदारी तुमची. दरमहा थोडं थोडं घेत असाल तर प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव लागतो, कारण रिटर्नमधलं क्रिप्टोचं ‘शेड्यूल व्हीडीए’ खरेदी आणि विक्री दोन्ही तारखा विचारतं. ते आयटीआर-2 आणि 3 मध्येच आहे, आयटीआर-1 भरून मोकळं होता येत नाही. आणि कर 10 हजारांवर जात असेल तर तो आगाऊ हप्त्यांनी भरा, शेवटचा हप्ता 15 मार्चपर्यंत, नाहीतर व्याज लागतं.

दीर्घपल्ला

स्टेटमेंटचं लक्षात नव्हतं. 30 टक्क्यांबद्दलचं मत तरी बदललेलं नाही.