आकारापेक्षा मणके मोजा

इथे एका पोस्टमध्ये फोटो देऊन म्हटलंय की रत्नागिरीचा बांगडा रुंद आणि गुजरातच्या वेरावळचा सडपातळ, म्हणजे जाती वेगळ्या. मला हे पटत नाही. अंगाची रुंदी खाण्यावर, गाभोळी भरलीय का यावरही ठरते. मणके जास्त भरवशाचे. नाशकात मासा बर्फातूनच येतो, पण काटा शाबूत असतो! काल जेवण झाल्यावर बांगड्याचा काटा धुऊन टाचणीने एकेक मणका मोजला: ३१.

जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ हाइंके यांनी १८९८ मध्ये हेरिंग या युरोपातल्या समुद्री माशाचे समुद्रागणिक वेगळे गट मणक्यांसारखी लक्षणं मोजूनच दाखवले. अंड्यात पिल्लू घडताना पाणी थंड असेल तर सहसा मणके जास्त होतात, एकाच जातीतसुद्धा. उलट युरोपभरच्या ईल (सापासारख्या लांब) माशांच्या मणक्यांची सरासरी सारखीच, कारण ते सगळे अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात, एकाच पाण्यात जन्मतात. तेव्हा पुढच्या वेळी फोटोसोबत काटाही मोजून आकडा इथे द्या.